चूलबंद आवतण

अनसूयाबाईंच्या भोजनालयाच्या दारावर पाटी होती : ‘थाळी पोटभर, पण एकाच पोटाची.’ नेपियर टाउनातल्या कोचिंगच्या पोरांसाठी बाईंनी ती मुद्दाम रंगवून घेतली होती. एकाने थाळी घ्यायची अन् मित्राने बाजूला बसून पोळ्या ओढायच्या, हे त्यांना गल्ल्यावरून बरोबर दिसे. मग त्या पोराच्या साऱ्या खानदानाची आरती ओवाळली जाई.

आज मात्र बाईच अडकल्या होत्या. उद्या शहराच्या दुसऱ्या टोकाला, गढ्यात, दुसरं भोजनालय उघडायचं होतं. तिथला कारभार सुनेच्या, यामिनीच्या हाती. सगळ्यांना बोलावून झालेलं. अन् जिच्या डेटाबेसवर सगळ्या ऑर्डरी चालत, त्या कंपनीचा चंद्रशेखर सकाळीच येऊन बसला होता.

“आजी, तुमचं डेटाबेसचं लायसन्स पुरत नाही. ते नीट झाल्याशिवाय गढा जोडता येणार नाही.”

“काहून नाही पुरत? घेतलं ना एक!”

“एका माणसाचं घेतलं. वापरणारे डझनभर आहेत.”

“कोण म्हणते? वाढप्यांचे मोबाइल मधल्या सर्व्हरला विचारतात. तुमच्या डेटाबेसपाशी तो एकटाच जाते. सांग गं यामिनी, तूच तर बसवलं हे.”

यामिनीचा चेहरा उतरला. तिलाही तसंच वाटलं होतं.

“मधे कोणी उभं राहिलं म्हणून मागचे लोक कमी नाही होत, आजी. मागे जितके, तितके मोजायचे.”

“हा कुठला न्याय? कुठं लिहिलं आहे असं?”

चंद्रशेखर संस्कारी माणूस. त्याने फक्त दारावरच्या पाटीकडे पाहिलं. यामिनीने ओढणी तोंडाशी धरली.

बाईंनी मान वळवली, पाटी वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली.

“दात काहून काढून राहिली गं?” त्या सुनेवर खेकसल्या. मग चंद्रशेखरकडे वळल्या. “भैया, गाव कोणतं?”

“वर्धा.”

“मग चूलबंद आवतण माहीत असेल. घराला एकदा सांगितलं की त्या चुलीवरचे झाडून सारे जेवायला येतात, डोकी कोणी मोजत नाही. तुमच्यात आहे असं काही, की नुसती तोंडं मोजून राहिले?”

“आहे ना! त्यात डेटाबेसचं मशीन केवढं, तेच बघतात. मागे कितीही माणसं लागू द्या. पण महाग आहे.”

“असू दे. अनसूया चोरून जेवत नाही. गढ्याची चूलही आमचीच. अन् सही यामिनी करेल, मालकीण ती आहे तिथली.”

यामिनी वाकून पाया पडू लागली, तर बाई म्हणाल्या, “पुरे. पोळ्या करपतील.”

काम आटोपून चंद्रशेखर थाळीवर बसला. दोन घास खाऊन हळूच म्हणाला, “आजी, बाहेर ऑटोवाला थांबला आहे. यातल्याच दोन पोळ्या त्याला नेऊन देऊ?”

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

“आत बोलाव त्याला,” त्या म्हणाल्या. “त्याची थाळी वेगळी लागेल.”