तुरट

काळे म्हणून बुडवलेले रेशीम राखी निघाले. दांडीवरून ते निथळत होते आणि म्हातारी खिळे गंजवून केलेल्या लोखंडाच्या पाण्याला नावे ठेवत होती. हल्लीचे खिळे धड गंजतसुद्धा नाहीत, म्हणाली. खिळे झाले, मग पाणी झाले, मग हवेचा नंबर लागला.

सुनेने हंड्यातला हिरड्याचा काढा ढवळून पाहिला. लग्नाआधी ती औषधांच्या कारखान्यात तपासणीला होती. पोटासाठी कुटला जाणारा हिरडा इथे रंगासाठी उकळतात, याचेच तिला भारी कुतूहल. येता-जाता हंड्यात डोकवायची, म्हणून तिच्या नजरेतून सुटले नव्हते: तापातून उठल्यापासून सासूबाई काढ्यात बोट बुडवत, ओठाला टेकवत आणि "झालं" म्हणत. बोट जिभेपर्यंत जातच नव्हते.

"आई, तुम्हाला चव लागत नाही ना?"

म्हातारीने उगीचच रेशीम सारखे केले. या घरातला रंग तिच्या जिभेवर चालत आला होता. काढा उतरवायचा की अजून उकळायचा, हे तिने चाखून सांगायचे आणि बाकीच्यांनी मान डोलवायची. जीभच गेली तर तिला विचारणार कोण?

"मीठ मातीसारखं, साखर मातीसारखी," ती शेवटी म्हणाली. "जा, सांग तुझ्या नवऱ्याला."

"आणि तुरट?"

"सगळं गेल्यावर तुरट काय माझ्यासाठी मागे थांबलंय?"

थांबलेले असू शकते, सून म्हणाली. तुरट ही मुळी चवच नव्हे. हिरड्यातला अंश लाळेतल्या प्रथिनाला धरतो, म्हणून तोंड खरखरीत होऊन आवळते. ते कळते स्पर्शाने. रेशीमही प्रथिनच. त्यालाही तो अंश तसाच धरून बसतो, मग लोखंड भेटले की काळा होतो.

म्हातारी चिडायचे विसरली. "म्हणजे जन्मभर मी कापडाआधी जीभच रंगवत आले?"

"थोडीफार."

"मग ती काळी कशी नाही झाली?"

"तुम्ही लोखंड नाही प्यायलात."

"शेजारणींना विचार. काळीच आहे म्हणतील."

सून हसली. म्हातारीने मात्र दोन वाट्या मागवल्या, एकीत आजचा काढा, दुसरीत कालचा आटवलेला, आणि कुठला कशात ते सांगू नकोस म्हणून बजावले. पहिला घोट तिने तोंडात घोळवला. चेहरा हलला नाही. सुनेने दुसरी वाटी हातात दिली. दुसऱ्या घोटाला गाल आत गेले, ओठ दातांना चिकटले, डोळे बारीक झाले.

"हा कालचा," ती जड जिभेने म्हणाली. "आजचा नुसता पाणचट. आणखी हिरडा घाल त्यात."

सुनेने चूळ भरायला पाणी पुढे केले. म्हातारीने ते हातानेच परत सारले आणि तोंड आवळून बसून राहिली. तापानंतर प्रथमच तिच्या तोंडात काहीतरी होते.