संपातली कबर

"किल्ली तुझ्याच खिशात आहे ना? मग अडलंय कुठं, हॉलिस?"

शिक्षिका अर्मिनबाई दफनभूमीच्या फाटकाबाहेर उभ्या होत्या, मागे दोन्ही लेकी. हॉलिस क्वामिना संपकऱ्यांच्या बाकावरून उठला. सॅन फर्नांडोच्या या दफनभूमीत एकतीस वर्षं कबरी खणणारा हा माणूस नऊ दिवस संपावर होता. सात वर्षं पगार जागचा हलला नव्हता आणि आता सरकार म्हणत होतं, चार टक्के वाढीच्या वर दमडी मिळणार नाही.

"टीचर, मी कुदळ उचलली की संप फुटला. बाकीच्यांना काय तोंड दाखवू?"

"थिओ चार दिवस बर्फात पडलाय रे. शवागारवाले म्हणतात, उद्या हलवा."

हॉलिसनं खिशातली किल्ली चाचपली. बाईंचा नवरा थिओ पोस्टातला, कुठलाही संप त्यानं कधी मोडला नव्हता.

थोरली जॉसलिन म्हणाली, "काका, बाबांनीच तुम्हाला खणू दिलं नसतं. आम्ही खणतो. तुम्ही नुसतं सांगा."

घरून कुदळ-फावडी आली. हॉलिसनं फाटक उघडलं, दोऱ्या ताणून जागा आखायला लावली आणि हात काखेत घालून कडेला बसला. "पाठीनं नाही गं, मांड्यांनी जोर लाव. माती लांब टाक, नाहीतर परत आत येईल." दुपारपर्यंत पोरींच्या तळहातांना फोड आले. खड्डा कमरेएवढाच झाला होता.

तेवढ्यात युनियनची डेल्फीन तरातरा आली. "हॉलिस! हे काय चाललंय?"

"शिकवतोय. शिकवण्याचा पगार सरकारनं मला कधी दिलाच नाही."

डेल्फीननं खड्ड्यात पाहिलं. धाकटी रडत रडत खणत होती. डेल्फीननं चपला काढल्या. "मी पाणीखात्यातली. माझा संप नळांचा, मातीचा नाही. आण ते फावडं, बाळा."

दुसऱ्या दिवशी सकाळी थिओला आणलं. बाकावरचे सगळे संपकरी फाटकाच्या आत येऊन उभे राहिले. पेटी खाली सोडताना एका कोपऱ्याला घासली, थांबली, मग तिरकी होऊन टेकली. हॉलिसच्या कबरीची कड कधी बोटभरही चुकली नव्हती.

अर्मिनबाईंनी त्याची बाही धरली. "वाकडी झाली का रे?"

लेकींनी फडकी गुंडाळलेले हात पाठीमागे लपवले.

"नाही टीचर," हॉलिस म्हणाला. "अगदी सरळ आहे."

मग त्यानं टोपी काढली आणि शेवटची माती पडेपर्यंत ती छातीशी धरून उभा राहिला.