फण्यांची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. शाळेतली नव्हे, दुकानावरचीही नव्हे. मी डोळे तपासण्याची पाटी आहे. माझ्यावर एकही अक्षर नाही. आहेत त्या काळ्या रंगाच्या फण्या, प्रत्येक फणीला तीन दाते. कुठे दाते उजवीकडे, कुठे डावीकडे, कुठे वर, तर कुठे खाली. सर्वात वरची फणी तळहाताएवढी आणि सर्वात खालची वाटाण्याएवढी. तपासणाऱ्याने छडी एखाद्या फणीवर टेकवायची आणि वीस फुटांवर बसलेल्या माणसाने तिचे दाते ज्या बाजूला दिसतील त्या बाजूला हात करायचा, बस्स.

माझा जन्म भिवंडीतल्या एका सेवा क्लबात झाला. तीसेक माणसे दर गुरुवारी संध्याकाळी टेमघरच्या एका खोलीत जमत. अंबाडीच्या रस्त्याला झाडे लावायला जात, आणि झाडांपेक्षा फोटोच जास्त घेऊन येत. वह्या वाटत, रक्तदान करत, चहा कडक की गोड यावरून भांडतसुद्धा. एका गुरुवारी नेत्रतपासणीचा विषय निघाला. दौलतकाका तरुणपणी खाडीतल्या होड्यांवर नावे रंगवीत. ते म्हणाले, "पाटी मी रंगवतो. अ आ इ काढू मस्तपैकी."

सालेहाबाई निवृत्त शिक्षिका. त्या लगेच म्हणाल्या, "काका, आपल्या भिवंडीत कुणी मराठी वाचतं, कुणी उर्दू, कुणी तेलुगू. आणि ज्याला काहीच वाचता येत नाही त्यानं काय करायचं?"

काकांनी डोके खाजवले. "मग फणी काढतो. फणी कोनाला न्हाय कळत?"

सगळे हसले आणि मी तयार झाले. काकांनी मला दोन उन्हे दाखवून वाळवले. मला त्यांच्या हाताचा वास अजून आठवतो, टर्पेंटाइनचा आणि सुक्या बोंबलाचा.

मग माझी कामाची वर्षे सुरू झाली. किती शाळा, किती मशिदींची आवारे, किती देवळांचे मंडप मी पाहिले! समोर बसलेला माणूस डोळे बारीक करून माझ्याकडे पाही, आणि मी मनात म्हणे, "ओळख रे बाबा, ओळख." ओळखता आले नाही तर त्याला चष्मा मिळे. दोन्हीत माझा आनंदच होता.

पण एका शिबिराची गोष्ट मला सांगायलाच हवी.

क्लबातले सादिकभाई नारपोलीतल्या एका लूम-कारखान्याचे, म्हणजे यंत्रमागांचे, मालक. एके वर्षी त्यांनी आपल्याच कामगारांसाठी शिबिर ठेवले. शुक्रवार होता, लूम बंद होते. मदत म्हणून ते स्वतः टेबलाशी नावे लिहायला बसले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. पण हातात पेन घेतलेला सेठ पाहून रांगेतली माणसे गप्प झाली.

त्या दिवशी चाळीस माणसांनी माझ्या सगळ्या फण्या अगदी बरोबर ओळखल्या. चाळीसच्या चाळीस! क्लबात टाळ्या वाजल्या, छायाचित्र छापून आले. मला मात्र टाळ्या गोड लागल्या नाहीत. मी भिंतीवर होते. मला सगळे दिसत होते.

मित्रांनो, लूमच्या खडखडाटात शेजारच्याचा शब्द ऐकू येत नाही. म्हणून तिथली माणसे हातांनी बोलतात. धागा तुटला, चहा आला, सेठ आला, सगळे हातांनी. माझे उत्तरही हातानेच द्यायचे होते. शादाब नावाच्या तरुण कामगाराने सर्वांत आधी तपासून घेतले, फण्यांचा क्रम पाठ केला, मग तो माझ्या बाजूला माठाशी पाणी पीत उभा राहिला आणि तपासणाऱ्या बाईंच्या पाठीमागून खुणा करू लागला. अधू डोळ्यांना वीस फुटांवरून वाटाण्याएवढी फणी दिसत नाही, पण माणसाचा हात दिसतो.

दुसऱ्या वर्षी पुन्हा शिबिर भरले. या वेळी छडी सालेहाबाईंच्या हातात होती. त्या दौलतकाकांना हळूच म्हणाल्या, "माझ्या पाचवीच्या वर्गात नऊ पोरांना चष्मे होते. इथं पन्नाशीच्या माणसांतही एकाला नाही? मी तीस वर्षं परीक्षा घेतल्यात, काका."

तेवढ्यात रामनाथ स्टुलावर येऊन बसला. पंचवीस वर्षे लूमवर काढलेला, अबोल, मायाळू माणूस. मी त्याचे डोळे पाहिले आणि माझे लाकूड शहारले. बुबुळांवर मोतीबिंदूची दुधासारखी साय आली होती. त्याचे तुटलेले धागे गेले वर्षभर शादाबच जोडून देत होता.

बाईंनी माझ्यावर छडी टेकवली. टक. रामनाथचा हात उजवीकडे. बरोबर. टक. हात खाली. बरोबर. तिसऱ्यांदा बाईंनी छडी माझ्यावर टेकवलीच नाही. ती शेजारच्या कोऱ्या भिंतीवर टेकवली. टक.

रामनाथने झटकन हात वर केला.

शादाबने छडीकडे न पाहता, टक ऐकूनच पाठ केलेली पुढची खूण केली होती. भिंतीवर फणी नव्हती, काहीच नव्हते.

"शादाब," बाई मागे न वळता म्हणाल्या, "हात खाली."

शादाबच्या हातातून पेला पडला. सादिकभाई उठून उभे राहिले. "रामनाथ, ये क्या है? मला फसवत होतात तुम्ही? मी तुमच्या भल्यासाठी डॉक्टर आणतो आणि तुम्ही..."

रामनाथ मान खाली घालून बसला. "सेठ, लूम गई तो मेरे पास क्या है? हाथ को दूसरा काम आता नहीं."

"पण तुझी लूम काढतंय कोण?"

शादाब पुढे आला. "लडकूची काढली ना, सेठ. त्याला दिसेना झालं तर तुम्ही त्याला गेटवर बसवलं. बीस साल का कारीगर, दिवसभर कुत्री हाकलतो."

"अरे, त्याला आराम मिळावा म्हणून बसवलं मी!"

"त्याला विचारलं होतं का, सादिकभाई?" बाईंनी शांतपणे विचारले.

सादिकभाई टेबलामागून निघाले, रामनाथला हाताला धरून उठवले आणि स्वतः त्या स्टुलावर बसले. "घ्या, माझे तपासा. सगळ्यांसमोर. कापडातला डाग मी दहा हातांवरून ओळखतो."

टक. बरोबर. टक. बरोबर. तिसऱ्या ओळीला सादिकभाई डोळे बारीक करू लागले, मान पुढे नेऊ लागले. आणि माठाजवळ शादाबचा हात सवयीने आपोआप डावीकडे उठला.

"शादाब!" बाईंनी दटावले.

"सॉरी आपा! सेठची दया आली."

आधी दौलतकाका हसले, मग रांग हसली, मग सादिकभाईंनाही हसू फुटले. हसून झाल्यावर त्यांनी रामनाथच्या खांद्यावर हात ठेवला. "ऑपरेशनचा खर्च क्लब करील. तुझ्या लूम तुझ्याच. तोवर शादाब सांभाळेल. आणि लडकूलाही बोलवा, त्याचेही डोळे दाखवू."

"जबान देते हो, सेठ?" रामनाथने विचारले.

"सगळ्यांसमोर देतो."

त्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून तपासणी झाली. या वेळी सादिकभाई टेबलाशी नव्हते. ते बाहेर चहा वाटत होते. चाळीसांपैकी सव्वीस जण चुकले. एवढ्या चुका पाहून मला आयुष्यात प्रथमच इतका आनंद झाला.

ऑपरेशन झाल्यावर, महिना-दीड महिन्याने एका गुरुवारी रामनाथ टेमघरच्या खोलीत आला. मी तिथे भिंतीला टेकून उभी होते. तो वीस फूट मागे गेला आणि न विचारताच वरपासून खालपर्यंत हात करत गेला. एकही चुकला नाही. शेवटच्या फणीवर मात्र थांबला, आणि कपाळाला आठी घातली.

"काका, ही फणी कुणी काढली? याचा बीचवाला दात टेढा हाय."

"टेढा? माझा हात कधी वाकडा न्हाय गेला!" दौलतकाका चष्मा सावरत माझ्याजवळ आले. नाक जवळजवळ टेकवले. "आयला... हाय की रे वाकडा! इतक्या वर्षांत कोनी बोलला न्हाय!"

मित्रांनो, हजारो माणसांनी माझ्याकडे पाहिले होते. पण ती फणी इतकी निरखून पाहिली एका विणकराने. काकांनी ब्रश आणून त्याच्याच हातात दिला. रामनाथने श्वास रोखून तो दाता सरळ केला. मला गुदगुल्या झाल्या. सादिकभाई दारातून पाहत होते. ते म्हणाले, "झालं का? मग उद्या सुट्टी. परवा सकाळच्या शिफ्टला ये."

आता क्लबाने विजेची, उजेडाची नवी पेटी घेतली आहे. मी कपाटामागे असते. कोळी माझ्यावर जाळे विणतो. तोही विणकरच, म्हणून मी रागावत नाही. सालेहाबाई कधी आल्या की पदराने माझी धूळ पुसतात. तेवढे पुरते मला.

पण तुमच्याकडे एक मागणे आहे. तुमच्या घरात कुणी सुईत दोरा ओवताना चिडत असेल, तांदूळ निवडताना खडे राहून जात असतील, वर्तमानपत्र लांब धरले जात असेल, आणि तरीही "मला सगळं दिसतं" असे कुणी म्हणत असेल, तर त्यांना हसू नका आणि त्यांच्या हातातले कामही काढून घेऊ नका. आधी त्यांच्याशेजारी बसा, मग त्यांना डॉक्टरांकडे न्या. माझ्यासारखी एखादी पाटी समोर आली, तर मागून उत्तर सांगू नका. त्यांना चुकू द्या. आम्ही पाट्या भिंतीवर उभ्या असतो, त्या चुकांसाठीच.