पाणी सोडलं

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी माझ्या नवऱ्याने, ज्ञानूने, धरणाचा दरवाजा उघडला, तेव्हा खालच्या नदीच्या वाळूत कीर्तन चालू आहे हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

आमचं धरण संस्थानच्या वेळचं, लहानसं, शिराळ्याच्या वरच्या डोंगरात. त्याच्या वीजघरात ज्ञानूने अठरा वर्षं काढली. मग कोयनेची वीज आली, वीजघराला कुलूप पडलं आणि तलावात रंगीत नावा आल्या. सुटीला सांगलीची माणसं डबे बांधून येत, नावेत बसून फोटो काढत. ज्ञानू नावा राखी आणि पाणी चढलं की दरवाजाचं चाक फिरवी. पूर्वी दरवाजाआधी भोंगा वाजे. तो वीजघराच्याच विजेवर चाले. आता मुका झाला होता.

त्या दुपारी आमच्याकडे ऊन होतं, पण वर डोंगरमाथ्यावर ढग फुटला असावा. पाणी बघता बघता धक्क्यावर आलं.

"कीर्तन देवळातच हाय न्हवं?" ज्ञानूने विचारलं.

"व्हय तर. दरसालच्या जागी." मी छातीठोक सांगितलं. कीर्तन मी कधी चुकवत नाही. ज्ञानूला भाकर द्यायची म्हणूनच आज मागे राहिले होते.

चाकाचे साठ फेरे झाले, दरवाजा उचलला गेला, पाणी गर्जत बाहेर पडलं. आणि त्या गर्जनेच्या फटीतून मला टाळ ऐकू आले. देवळाकडून नव्हे. खालून.

"आवं, वाळूत बसल्याती!"

ज्ञानूचा चेहरा राखेसारखा झाला. आमची लेक जाई सातव्या महिन्यात होती. सकाळीच सांगून गेली होती, "आई, मी म्होरंच जागा धरती." ज्ञानू चाक उलटं फिरवू लागला. बंद करायलाही साठच फेरे. मी पायवाटेने पळत सुटले. नदी वीजघराला मोठा वळसा घालते, वाट सरळ उतरते. तेवढाच काय तो देवाचा आधार.

खडकावरून खालची माणसं दिसली. देवळाच्या ओट्यावर सहलीवाल्यांनी चुली मांडलेल्या, म्हणून बुवांनी कीर्तन वाळूत मांडलं होतं. हरिश्चंद्राचं आख्यान रंगात आलेलं.

"पाणी सोडलं! पाणी सोडलं!" मी ओरडले.

बुवांनी हात वर केला. "ऐका! माउलीनं बरोबर सांगितलं. राजानं उभ्या राज्यावर पाणी सोडलं!"

"विठ्ठल, विठ्ठल!" सगळी वाळू डोलली.

"रंगुबाईला आज लय भरून आलंया," कुणीतरी हसलं. जाईही हसली. वळणामागून घरघर येत होती. मृदंगात ती कुणाला कळणार?

रंगलेल्या कीर्तनातून माणूस उठत नाही. मीच कधी उठले नसते. उठतात ते एकाच गोष्टीला.

"आरती! आरती वर देवळात! निरांजन लावलंय, चला, चला!"

देवाच्या नावाने मी खोटं बोलले. बुवा संतापले, "आख्यान अर्धं हाय, बाई!" पण बाया पदर सावरत उठल्याच. साळूबाई कुरकुरली, "आज लवकरच गं?" मी तिला ढकललं. पेटीवाल्याला ढकललं. जाई सावकाश उठत होती, एक हात कमरेवर. मी तिला बगलेत धरून ओढली.

"आई, दुखतंय!"

"दुखू दे."

आम्ही दगडांवर चढलो आणि मागे लाल पाणी आलं. बुवांचं आसन, पेटी, चपलांची रास, सगळं एका दमात गेलं. बुवा माझ्या शेजारीच उभे होते. त्यांच्या हातात चिपळ्या तेवढ्या उरल्या होत्या.

मी माणसं मोजली, पुन्हा मोजली. मग जाईला घेऊन वर निघाले. तिला धाप लागत होती, तरी तिला मागे ठेवायला मन होईना.

दरवाजा केव्हाच बंद झाला होता. तरीही ज्ञानू चाकाला झोंबत होता. तळहातांचं रक्त लोखंडावर लागलेलं. त्याने आमच्याकडे पाहिलं नाही.

"समदी हायती," मी म्हणाले. "ही बगा जाई."

"बाबा," जाई म्हणाली.

तो चाक सोडेना. शेवटी आम्ही दोघींनी त्याचं एकेक बोट उकललं.