घरी कोणी नाही

"घरी कोणी आहे का?" फाटकाशी उभ्या असलेल्या मुलीने विचारलं.

"कोणी नाही बाप्पा," विमलताईंनी पऱ्हाटीचा, वाळल्या कापूसकाड्यांचा, भारा अंगणात टाकत सांगितलं.

त्यांना मजूरबाई समजून मुलीने हातातल्या कागदावर फुली मारली आणि शेजारच्या घराकडे वळली.

बोरी अरब गावच्या बायका सासरी आल्या दिवसापासून हेच उत्तर देत आल्या होत्या. घरी कोणी नाही म्हणजे पुरुष माणूस नाही. आत चार बायकांचा स्वयंपाक चाललेला असला तरी घरी कोणी नसतंच! विमलताईंचा नवरा वारून कितीतरी वर्षं झाली, तरी तोंडून निघायचं तेच निघालं. यवतमाळच्या मुलीला बिचारीला हे कुठून ठाऊक असणार?

ते पॅकेजचं साल होतं. कापसाने कंबरडं मोडलेल्या शेतकऱ्यांना सरकारने मदत दिली, ती नेमकी कुणापर्यंत पोहोचली याचा अभ्यास करायला भैरवी नावाची ही मुलगी एका संस्थेकडून आली होती. शेजारी विमलताईंचे थोरले दीर सदाशिवराव राहत. ते ओसरीत बाजेवरच बसलेले होते. कुणी काही विचारलं की त्यांना फार बरं वाटायचं.

कुडापलीकडून सगळं ऐकू येत होतं.

"शेजारी कोण राहतं, काका?"

"माह्या भावाचं घर. तो वारला. वावर मीच पायतो त्याचं."

"सरकारी बियाणं मिळालं त्यांना?"

"भेटलं ना! सारं भेटलं. काई तक्रार नाही."

विमलताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. वावर पाहतात म्हणे! बांधावर उभं राहून पाहायचे, तेवढं मात्र खरं. आणि बियाणं? ते आणायला त्या तालुक्याच्या कचेरीत गेल्या होत्या. 'घरच्या माणसाले पाठवा' म्हणून तिथून परत पाठवलं, तेव्हा लाजेपोटी कुणाला काही सांगितलं नव्हतं. आता हे खोटं कागदावर चढलं की पुढच्या सालीही तेच होणार होतं.

थोरल्या दिरासमोर त्या आजवर कधी बोलल्या नव्हत्या. निरोप जायचा तो जावेच्या तोंडून. आज जाऊ माहेरी होती. विमलताईंनी पदर डोक्यावर ओढला आणि तरातरा ओसरीपुढे येऊन उभ्या राहिल्या.

"बाई, ते खोडा. बियाणं नाही भेटलं. वावर मी करतो."

भैरवी गोंधळली. "पण तुम्ही तर म्हणालात, घरी कोणी नाही..."

"माणूस नाही म्हटलं. मी होती ना!"

"अगं बाई! मग सकाळपासून मी बंद म्हणून सोडलेली घरं?"

"तिथंही बाया असतीन."

भैरवीने कपाळावर हात मारला. पुन्हा सगळ्या दारांशी जायचं ठरवत ती हसली.

सदाशिवराव मात्र हसले नाहीत. त्यांना ते लागलं होतं. "बियाणं नाही भेटलं, तं मले काहून नाही सांगतलं?" त्यांनी थेट विमलताईंनाच विचारलं.

"कसं सांगू?" विमलताई जमिनीकडे बघत म्हणाल्या. "तुमच्याशी बोलाचं कोणी?"

सदाशिवराव उठले, बाज झटकली आणि बाजूला होऊन खांबाशी उभे राहिले.

"बस," ते म्हणाले. "बसून सांग त्यायले."

विमलताई बाजेच्या कडेला टेकल्या आणि पेरणीआधीच्या वखरणीपासून सांगू लागल्या.