मालकिणीने मागच्या दाराने यावे

शर्यतीच्या दिवशी सकाळी मालकीणबाई तबेल्यात घोडीचे पाय चाचपत बसल्या होत्या. घोडी चार वर्षांची. हंगामातली सर्वांत मोठी शर्यत याच वयात, आयुष्यात एकदाच पळता येते. ही जन्मताना पायाळू होती, तेव्हा बाईंनीच खांद्यापर्यंत हात घालून तिला ओढून काढले होते. विधवेच्या हाताचा त्या वेळी कोणाला विटाळ झाला नाही.

धाकटे दीर आले. नवा कोट, नवी हॅट, आणि तोरा असा की घोडी जणू यांच्याच पोटची. घोड्याला शेपूट कुठल्या बाजूला असते एवढे ज्ञान या गृहस्थांना होते, आणि तेवढ्यावर ते अश्वतज्ज्ञ म्हणून मिरवत.

"वहिनी, जिंकल्यावर घोडीचा लगाम धरून सगळ्यांसमोर मी येईन. तुम्ही मैदानाच्या मागच्या दाराने या अन् वरच्या खोलीत बसा."

"लगाम मालकाने धरायचा असतो, भावजी."

"हो, पण दादा गेल्यापासून तुम्ही शुभकार्यात पुढे... मोठी माणसं येणार. आईसुद्धा तेच म्हणाली."

"मागच्या तिन्ही शर्यतींना तुम्हीच मिरवलात."

"मग काय बिघडलं? नाव तुमचंच छापतात ना?"

शेजारी उभ्या घोडीच्या प्रशिक्षकाने बादलीत काहीतरी महत्त्वाचे शोधायला सुरुवात केली. पुरुषांना अशा वेळी बादल्या बऱ्या सापडतात.

"दहा वाजेपर्यंत घोडी शर्यतीतून मागे घेता येते ना?" बाईंनी त्याला विचारले.

"येते बाई. पण ही शर्यत तिला पुन्हा नाही मिळायची."

"ठाऊक आहे."

दीर हसले. "कशाला धमक्या देता? तुमच्याच्यानं होणार नाही." वहिनीचा जीव घोडीत किती अडकलाय हे ते जाणून होते. तोच तर त्यांचा सगळा भरवसा.

बाई मैदानाच्या कचेरीत गेल्या. सही करताना रडू आले, ते त्यांनी लपवले नाही. पण सही केली.

दुपारी फलकावरचा घोडीचा क्रमांक खोडला गेला. दिरांना कोट कुठे मिरवावा कळेना.

"घराण्याचं नाक कापलंस!" सासूबाई कडाडल्या.

"नाक तुमचं, आई. घोडी माझी आहे."

मैदानावर सगळे हळहळले. एवढी गुणी घोडी, सगळे कष्ट तिचे, आणि ऐन मानाच्या वेळी तिलाच बाहेर ठेवले! केवढा हा अन्याय!

वाचकहो, तुम्हीही हळहळलात. घोडीसाठीच ना?