सांभाळलेली लिंबं

घड्याळजीचा हात हलका होता आणि जीभ तिखट. बंद पडलेलं घड्याळ त्याच्याकडे दिलं की टिकटिक करत परत यायचं आणि गिऱ्हाईक वाहवा करत घरी जायचं. पण हाच माणूस दुकान बंद करून मागच्या खोलीत आला, की त्याला भाजीतलं जास्तीचं मीठ दिसायचं, टॉवेलवरचा डाग दिसायचा, बायको तेवढी दिसायची नाही. बाकी माणूस वाईट नव्हता हो. केलेलं सगळं बोलून घालवायचा, एवढंच.

मेहुणी आणि साडू जेवायला आले तेव्हाही तेच झालं. मेहुणी सहज म्हणाली, ताईनं घर किती छान ठेवलंय. त्यावर हा घास चावत म्हणाला, "घर चालवलं मी. तिनं नुसतं सांभाळलं. त्यात काय मोठंसं?" साडूनं ताटात मान घातली. भांडी घासून झाल्यावर बायकोनं बॅग भरली. मागच्या दारच्या झाडाची लिंबं तिनं त्याच दिवशी उतरवली होती. ती टोपली नवऱ्याच्या पुढ्यात ठेवून म्हणाली, "एवढी तरी सांभाळून दाखवा. मग बघू यायचं की नाही ते." आणि बहिणीबरोबर चालती झाली.

रागाच्या भरात बोलली, येईल चार दिवसांत, असं त्याला वाटलं. कसली येतेय! फोन केला की मेहुणी उचलायची आणि ताई कामात आहे म्हणायची. घरात घड्याळांची टिकटिक तेवढी राहिली. बायको खरंच आली नाही तर? त्यानं टोपली पुढं ओढली.

आता हा लिंबं कशी सांभाळणार? घड्याळं सांभाळतात तशी! घड्याळाचा मोठा वैरी म्हणजे ओल. त्यानं सुटे भाग ठेवायचा डबा रिकामा केला, लिंबं पुसून आत रचली, वर ओल शोषून घेणाऱ्या पुड्या मूठभर टाकल्या आणि झाकण लावलं. स्वतःवर काय खूश झाला! काही दिवसांनी उघडून बघतो तर वरची लिंबं वाळून गोट्यांसारखी टणक. कापून पिळलं तरी थेंब निघेना. मग गडी दुसऱ्या टोकाला गेला. डब्यात न मावलेली लिंबं त्यानं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली. त्यातल्या बऱ्याचशांना बुरशी धरली.

शेवटी नाक मुठीत धरून त्यानं लेकीला फोन लावला. लेक आधी पोटभर हसली. मग म्हणाली, "बाबा, आई काय करते ते इतक्या वर्षांत कधी बघितलं नाहीत?" लेकीनं समजावून सांगितलं, की लिंबं कोरडी पुसायची, सालीला तेलाचं बोट लावायचं, एकेक कागदात गुंडाळून डब्यात घालायचं आणि डबा फ्रिजमध्ये खाली ठेवायचा, केळी-सफरचंदांपासून लांब. आणि रोज सगळी उघडून बघायची. एखादं मऊ पडलं की लगेच काढायचं, नाहीतर ते बाकीच्यांनाही बिघडवतं.

रोज? तेच त्याला खटकलं. घड्याळाला एकदा तेल दिलं की वर्षभर बघावं लागत नाही. पण करतो काय! दुकान उघडण्याआधी तो डबा घेऊन बसायला लागला. कागद सोडायचा, लिंबू दाबून बघायचं, परत गुंडाळायचं. एवढी खटपट करून डबा जसा होता तसाच. शेजारी डोकावून म्हणाला, काय मग, आज काय विशेष? काय सांगणार त्याला? आजही लिंबं कालच्यासारखीच आहेत, हेच विशेष. शेजारी गेल्यावर घड्याळजी परत लिंबं गुंडाळायला बसला आणि त्याच्या मनात आलं. करायचं राहिलं तर दिसतं आणि केलं तर दिसत नाही, असलं काम बायकोनं जन्मभर केलं, आणि आपण चारचौघांत त्याला 'नुसतं' म्हणालो. त्याला स्वतःची लाज वाटली.

बाजारातून ताजी लिंबं आणून टोपली भरावी, हेही मनात येऊन गेलं, खोटं कशाला बोला. पण आणली नाहीत.

रविवारी तो डबा घेऊन साडूच्या घरी गेला. मेहुणीनं पाणी दिलं. बायको आतल्या दारात येऊन उभी राहिली. त्यानं डबा उघडला. तळाला थोडी लिंबं होती, पिवळीधमक, तुकतुकीत.

"टोपलीभर दिली होतीस. एवढीच राहिली," तो तिला म्हणाला. मग साडूकडे आणि मेहुणीकडे वळला. "तुमच्यासमोर बोललो होतो, म्हणून तुमच्यासमोरच सांगतो. हिनं घर सांभाळलं म्हणून माझं दुकान चाललं. चुकलो मी."

बायको पुढं आली. एक लिंबू उचलून तिनं दाबून बघितलं.

"बरीच राखलीत की," ती म्हणाली. "माझीही दर खेपेला निम्मी जायची."

"तुझी? मी तर घरात नासकं लिंबू कधी बघितलं नाही."

"तुम्ही उठायच्या आत टाकून यायचे. लांबच्या कचराकुंडीत."

"का?"

"तुम्ही बोलला असता म्हणून."

हे ती रागानं म्हणाली नाही. पाणी भरून ठेवलंय म्हणावं, तितकं साधं म्हणाली. इतकी वर्षं ही बाई चार नासकी लिंबं लपवायला चोरासारखी घराबाहेर पडत होती, आणि ती चोरी नवऱ्याच्या जिभेच्या भीतीनं. तो एका जेवणावेळच्या बोलण्याची माफी मागायला आला होता. मागायची होती ती फार मोठी निघाली.

"यापुढं मला दाखवत जा," तो कसाबसा म्हणाला. "मी काही बोलणार नाही."

"बोलाल. एका दिवसात सुटायची सवय नाही ती," बायको म्हणाली. "पण बोललात, तर आता मीही गप्प बसणार नाही."

एवढं बोलून ती आत गेली आणि बहिणीला विचारू लागली, माझी बॅग कुठं ठेवलीस गं.